कोंबडीच्या गर्भातल्या पहिल्या लाल पेशी: ग्लोबिन जनुकांची अभिव्यक्ती मोजण्याची नीट पद्धत

पीसीआर (जनुकांच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या) मशीनवर रेषा सुरेख येतात, पण तोच प्रयोग तिसऱ्यांदा केला की निकाल तिसराच लागतो. या विषयात हाच अनुभव सर्वाधिक येतो आणि दोष बहुतेक वेळा प्रायमर (हवे ते जनुक ओळखणारे डीएनएचे छोटे तुकडे) किंवा किट यांच्यावर ढकलला जातो. खरे पाहता ट्यूबमध्ये कोणत्या वयाच्या गर्भाच्या कोणत्या पेशी गेल्या, याची खात्रीच झालेली नसते. पुढची पद्धत एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे. गणेशखिंड-पाषाण भागातल्या प्रयोगशाळांना पुण्याच्या हवेत ज्या अडचणी येतात, त्याही जागोजागी दिल्या आहेत.

आधी जनुकांची मांडणी, कारण प्रायमर तिच्यावरच ठरतात. ग्लोबिन म्हणजे हिमोग्लोबिनमधले प्रथिन. कोंबडीच्या बीटा-ग्लोबिन समूहात चार जनुके या क्रमाने असतात: रो, बीटा-एच, बीटा-ए, एप्सिलॉन. दोन्ही टोकांची रो आणि एप्सिलॉन ही गर्भावस्थेतली. मधली दोन पुढच्या काळातली. अल्फा समूहात पाय, अल्फा-डी, अल्फा-ए असा क्रम आहे. त्यातले पाय गर्भावस्थेतले, तर उरलेली दोन्ही सुरुवातीच्या (पहिल्या) आणि नंतरच्या (दुसऱ्या) अशा दोन्ही पिढ्यांच्या लाल पेशींत चालतात. उंदराचा किंवा माणसाचा क्रम डोक्यात ठेवून इथे काम केले तर चूक होते. तिथे जनुके वयाच्या क्रमाने रांगेत आहेत, इथे नाहीत.

१. अवस्था ठरवा, मग घड्याळ लावा

अवस्था हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या १९५१च्या तक्त्यावरून ठरवायच्या. पुढे त्यांना नुसते 'एचएच' म्हटले आहे. लाल पेशींसाठी उपयोगी टप्पे असे:

- एचएच ८: ४ सॉमाइट (गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जोडीने दिसणारे ठोकळे), साधारण २६ ते २९ तास. मागच्या अर्ध्या भागात रक्तद्वीपे (पहिल्या रक्तपेशींचे पुंजके) दिसू लागतात.
- एचएच ९: ७ सॉमाइट, २९ ते ३३ तास. हिमोग्लोबिन रंगवून पहिल्यांदा दिसते ते याच सुमारास.
- एचएच १२: १६ सॉमाइट, ४५ ते ४९ तास. रक्ताभिसरण याच्या आसपास सुरू होते.
- एचएच १८: साधारण ३ दिवस. फिरत्या रक्तात फक्त पहिल्या पिढीच्या पेशी.
- एचएच २६ ते ३०: ५ ते ६.५ दिवस. दुसरी पिढी रक्तात उतरू लागते.
- एचएच ३६: १० दिवस. दुसऱ्या पिढीचे वर्चस्व.

सगळे टप्पे एका प्रकल्पात घेण्याचा हट्ट नको. अभिसरणाआधीचा एक, तिसऱ्या दिवसाचा एक, सहाव्या-सातव्या दिवसाचा एक आणि दहाव्या दिवसाचा एक, असे चार नीट केले तर पुरे.

वेळेचे गणित उलटे मांडा. संध्याकाळी ६ वाजता अंडी लावली तर ३० तास भरतात दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री. मग सोयीसाठी सकाळी ९ वाजता उघडली जातात आणि एचएच ९ म्हणून नोंदलेला नमुना प्रत्यक्षात एचएच १० किंवा ११ असतो. पहाटे ६ ला लावलेली अंडी दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला तयार होतात. पहाटे येणे शक्य नसेल तर टायमरवर चालू होणारा इन्क्युबेटर वापरा.

सावधान: तासांवरून फक्त अंडे कधी उघडायचे ते ठरते. अवस्था ठरते सॉमाइट मोजून. एकाच ट्रेमधल्या अंड्यांतही दोन-तीन सॉमाइटचा फरक सहज असतो. नमुन्याच्या ट्यूबवर '३० तास' असे न लिहिता '७ सॉमाइट' असे लिहा.

२. अंडी: कुठून, कशी, किती दिवस

दुकानातली खाण्याची अंडी चालत नाहीत. ती कोंबड्याविना वाढवलेल्या कोंबड्यांची असतात, त्यांच्यात गर्भ नसतोच. हे सांगायची वेळ दरवर्षी येते. हॅचरीतून उबवणीची फलित अंडी मागवा, जात आणि घातल्याची तारीख विचारून वहीत लिहा, आणि सगळ्या बॅचेस एकाच जातीच्या ठेवा. लागतील त्याच्या दीडपट मागवा; काही अंडी वांझ निघतात, काही उघडताना फुटतात.

आणल्यावर अंडी बोथट टोक वर करून रात्रभर १५ अंशांवर स्थिर ठेवा. वाटेतल्या हादऱ्यांनंतर लगेच उबवायला लावली तर वेडेवाकडे गर्भ वाढतात. साठवण १३ ते १६ अंशांत आणि ७ दिवसांच्या आत. साधा फ्रिज फार थंड पडतो. बीओडी इन्क्युबेटर १५ अंशांवर लावून हे काम छान होते.

पुण्यात इथेच मोठी चूक होते. साधारण २०-२१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू, बेताल वाढू लागतो. डिसेंबरात टेबलावर राहिलेले खोके फारसे बिघडत नाही. एप्रिलमध्ये तेच खोके दुपारभर ३५ अंशांत राहिले तर अंडी इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधीच वेगवेगळ्या वयाची झालेली असतात. उन्हाळ्यात अंडी सकाळी लवकर आणा आणि थेट १५ अंशांवर ठेवा.

अंडी पाण्याने धुऊ नका. ओल्या, थंड पृष्ठभागावरून जंतू छिद्रांवाटे आत ओढले जातात. ७० टक्के अल्कोहोल लावलेल्या कापडाने हलके पुसा.

गर्भावर काम सुरू करण्याआधी संस्थेच्या प्राणी नीती समितीला प्रयोगाची माहिती देऊन तिचे उत्तर लेखी घ्या. प्रबंध लिहायच्या वेळी ते शोधत बसावे लागू नये.

३. उबवणी

तापमान ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ५५ ते ६५ टक्के. इन्क्युबेटरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. अंड्यांच्या उंचीवर दुसरा थर्मामीटर ठेवा. अंडी आडवी ठेवा, म्हणजे गर्भ वरच्या बाजूला येतो, आणि ती बाजू पेन्सिलने खूण करून ठेवा. १५ अंशांवरून काढलेली अंडी आधी दोन तास बाहेर ठेवायची असतील तर प्रत्येक बॅचला तेवढेच दोन तास ठेवा आणि खोलीचे तापमान लिहा.

पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते की पाण्याचा ट्रे भरून ठेवला तर आर्द्रता मर्यादेबाहेर जाते. उलट मार्च-एप्रिलमध्ये ट्रे रोज पाहावा लागतो. दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा वार पुण्यात बहुधा गुरुवार. तेव्हा महत्त्वाची उबवणी गुरुवार ओलांडणार असेल तर इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेलीच तर दार उघडू नका आणि किती मिनिटे गेली ते लिहा. तासापेक्षा जास्त गेलेली बॅच सुरुवातीच्या टप्प्यांसाठी वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

४. अभिसरणाआधीचा नमुना: एचएच ८ ते ११

या काळात रक्त वाहत नाही. पेशी गर्भाभोवतीच्या अपारदर्शक पट्ट्यात, मागच्या बाजूला घोड्याच्या नालेसारख्या आकारात बसलेल्या असतात. म्हणून इथे रक्त काढायचे नसते, तो पट्टाच कापून घ्यायचा असतो.

लागणारे सलाइन: १ लिटर पाण्यात ७.२ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.१७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, पीएच ७.४. पाणी आधी ०.१ टक्के डीईपीसी (आरएनए तोडणारी एन्झाइमे निकामी करणारे रसायन) घालून रात्रभर ठेवलेले आणि ऑटोक्लेव्ह केलेले असावे. ट्रिस असलेल्या द्रावणात डीईपीसी घालू नका, ते ट्रिसशीच अभिक्रिया करून संपते.

क्रम असा ठेवा:

१. अंडे पसरट भांड्यात फोडा. गर्भ वर नसेल तर बलक हलकेच फिरवा.
२. गर्भाभोवतीचा घट्ट पांढरा भाग टिश्यू पेपरने पुसून काढा. हा राहिला तर पुढचा कागद चिकटत नाही.
३. मध्ये भोक पाडलेला व्हॉटमन १ नंबर फिल्टर पेपरचा तुकडा गर्भ मध्यभागी येईल असा ठेवा. भोक २ ते २.५ सेंटिमीटर हवे.
४. कागदाच्या बाहेरून पडदा कापा, कागद तिरका उचलून थंड सलाइनमध्ये घ्या.
५. पाश्चर पिपेटने मंद धार सोडून बलक धुवा. तीन भांडी बदला.
६. सूक्ष्मदर्शकाखाली सॉमाइट मोजा, लिहा.
७. बारीक चिमट्याने पडदा सोडवा. मागच्या अर्ध्याचा अपारदर्शक पट्टा कापून घ्या. मधला गर्भ तुलनेसाठी वेगळ्या ट्यूबमध्ये.

भोक लहान पाडणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. गर्भ छान दिसतो, पण रक्तद्वीपांचा पट्टा कागदाखाली जातो आणि हाती येते ती रक्तपेशी नसलेली ऊती. मग रो जवळजवळ दिसत नाही आणि दोष प्रायमरला.

एका नमुन्यासाठी एकाच सॉमाइट संख्येचे, फार तर एक इकडेतिकडे, ८ ते १० पट्टे एकत्र करा. असे एकत्र केलेले १० गर्भ म्हणजे एकच जैविक नमुना. तो तीन ट्यूबमध्ये वाटला म्हणून तीन नमुने होत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या किमान तीन बॅचेस हव्यात; जमल्यास पाच.

तपासा: प्रत्येक बॅचमधले दोन गर्भ ऑर्थो-डायअॅनिसिडीनने रंगवा. प्रमाण: ०.६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर डायअॅनिसिडीन, १० मिलिमोलर सोडियम अॅसिटेट पीएच ४.५, ०.६५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ४० टक्के अल्कोहोल. अंधारात १५ मिनिटे. हिमोग्लोबिन असलेल्या जागी तांबूस-तपकिरी रंग येतो. ६ सॉमाइटच्या गर्भात गडद रंग आला तर सॉमाइट मोजण्यात चूक आहे. १० सॉमाइटच्या गर्भात काहीच नाही आले तर पेरॉक्साइड जुने झाले आहे. हे रसायन कर्करोगकारक असल्याची शक्यता आहे, हातमोजे आणि फ्यूम हूड हवेच.

५. अभिसरणानंतरचा नमुना: रक्त

इथे कॅल्शियम नको, म्हणून आधीचे सलाइन बाजूला ठेवा. कॅल्शियमविरहित पीबीएसमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए घालून बर्फावर ठेवा. एचएच १८ चा गर्भ पडद्यांसह या द्रावणात घ्या, बलकाच्या रक्तवाहिन्या बारीक कात्रीने कापा आणि दोन-तीन मिनिटे रक्त झिरपू द्या. पाच दिवसांनंतरच्या गर्भात ओढून टोकदार केलेल्या काचेच्या केशिकेने थेट वाहिनीतून घेता येते. एचएच १२ ला रक्त फारच थोडे असते. १५ ते २० गर्भ एकत्र केल्याशिवाय हात घालू नका.

सावधान: हेपॅरिन वापरू नका. ते आरएनएबरोबर पुढे येते आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन व पीसीआर दोन्ही अडवते. क्लिनिकल लॅबच्या हिरव्या झाकणाच्या ट्यूब हाताशी असतात म्हणून वापरल्या जातात आणि आठवडा वाया जातो.

पेशी ३०० जी वर ४ अंशांत ५ मिनिटे फिरवा, दोनदा धुवा, न्यूबाउअर चेंबरमध्ये मोजा. प्रत्येक नमुन्याचा एक स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) काढून गिम्सा किंवा लिशमनने रंगवा. पहिल्या पिढीच्या पेशी मोठ्या, गोल आणि एका वेळी एकाच टप्प्यात असलेल्या दिसतात. दुसऱ्या पिढीच्या लहान, लांबट-अंडाकृती. हा स्मिअर अनेक जण वगळतात. आमच्या मते सगळ्या प्रयोगात हीच दहा मिनिटे सर्वांत मोलाची, कारण शेवटी आकड्यांचा अर्थ लावताना स्मिअरच उपयोगी पडतो.

६. आरएनए काढणे

पक्ष्यांच्या लाल पेशींना केंद्रक असते. माणसाच्या रक्तासाठी लिहिलेली पद्धत इथे जशीच्या तशी लावली तर दोन गोष्टी होतात: द्रावण डीएनएने शेंबडासारखे चिकट होते आणि शेवटच्या आरएनएत भरपूर जीनोमिक डीएनए येतो.

१. ५० लाख पेशींना १ मिलिलिटर ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए वाचवणारे द्रावण). जास्त पेशी घालून जास्त आरएनए मिळत नाही, फक्त घाण वाढते.
२. २१ किंवा २३ गेजच्या सुईतून ८-१० वेळा ओढा-सोडा, चिकटपणा जाईपर्यंत. खोलीच्या तापमानाला ५ मिनिटे.
३. पट्ट्याच्या नमुन्यात बलकाची चरबी असते. क्लोरोफॉर्म घालण्याआधी १२,००० जी, ४ अंश, १० मिनिटे फिरवा; वरचा चरबीचा थर टाळून मधला द्रव नव्या ट्यूबमध्ये घ्या.
४. ०.२ मिलिलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात हलवा, ३ मिनिटे थांबा, १२,००० जी, ४ अंश, १५ मिनिटे.
५. वरचा थर घ्या, पण सगळा नाही. शेवटचा पाचवा भाग सोडून द्या. मधल्या पांढऱ्या थरात डीएनए असतो.
६. ०.५ मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल आणि लहान नमुन्यात १० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन. १० मिनिटे, मग १२,००० जी, १० मिनिटे.
७. ७५ टक्के अल्कोहोल १ मिलिलिटर, ७,५०० जी, ५ मिनिटे. हे दोनदा.
८. ५ ते १० मिनिटे वाळवा. पुण्याच्या उन्हाळ्यात पाचच पुरतात. कोरडाठाक झालेला गोळा विरघळत नाही. आरएनएझविरहित पाण्यात ५५ अंशांवर १० मिनिटे.
९. डीएनएझ १: दर मायक्रोग्रॅमला १ युनिट, ३७ अंश, ३० मिनिटे, मग ५ मिलिमोलर ईडीटीए घालून ६५ अंश, १० मिनिटे. ही पायरी ऐच्छिक नाही.

सावधान: ट्रायझॉलच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो. गर्भाचे अवशेष पिवळ्या पिशवीत.

तपासा: २६०/२८० गुणोत्तर २.० च्या जवळ, २६०/२३० गुणोत्तर १.८ च्या वर. शिवाय ४१४ नॅनोमीटरपाशी उंचवटा आहे का पाहा. तो हीमचा असतो आणि हीम पीसीआर अडवते. द्रावण किंचित तपकिरी दिसले तर आकडे चांगले असूनही ते पुन्हा शुद्ध करा. जेलवर १८एस आणि २८एस या दोन्ही पट्ट्या स्पष्ट हव्यात.

७. सीडीएनए आणि प्रायमर

आरएनएवरून सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) बनवताना सगळ्या नमुन्यांचा सारखाच, म्हणजे ५०० नॅनोग्रॅम आरएनए घ्या. रँडम हेक्सामर आणि ओलिगो-डीटी दोन्ही मिसळून वापरा. प्रत्येक नमुन्याची एक ट्यूब रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज एन्झाइमविना चालवा. 'एकाच नमुन्याची केली' हे पुरेसे नाही, कारण डीएनए प्रत्येक नमुन्यात वेगळा उरतो.

बीटा समूहातली चारही जनुके एकमेकांसारखी आहेत. प्रायमर प्रथिनाच्या भागात ठेवला तर रोचा प्रायमर बीटा-एलाही चिकटतो आणि 'स्विच' (गर्भावस्थेतल्या जनुकांकडून पुढच्या काळातल्या जनुकांकडे होणारा बदल) दिसतच नाही. निदान एक प्रायमर शेवटच्या न वाचल्या जाणाऱ्या भागात, जिथे क्रम खरोखर वेगळा आहे, तिथे ठेवा. जोडी दुसऱ्या इंट्रॉनच्या (जनुकातला, आरएनएतून कापला जाणारा तुकडा) दोन बाजूंना असावी. या समूहात पहिला इंट्रॉन लहान असतो, त्यामुळे तिथे डीएनएवरूनही उत्पादन बनू शकते. उत्पादन शक्य तितके लहान ठेवा. वितळण वक्रात एकच शिखर आले म्हणून खूश होऊ नका, दोन सारख्या जनुकांचे मिश्रणही एकच शिखर देऊ शकते. प्रत्येक जोडीचे उत्पादन एकदा सीक्वेन्सिंगला पाठवा.

ग्लोबिनखेरीज गाटा-१ (लाल पेशी घडवणारे नियामक जनुक) घ्या. टॅल-१ आणि एलएमओ-२ घ्यायची असतील तर ती रक्तवाहिन्यांच्या पूर्वज पेशींतही असतात हे ध्यानात ठेवा; ती दिसली म्हणजे लाल पेशी तयार झाली असे नव्हे.

८. प्लेट आणि बेसलाइन

प्रमाण वक्र पाच बिंदूंचा, दहापट पातळ करत. कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, आर-वर्ग ०.९९ च्या वर.

खास अडचण अशी की रक्ताच्या नमुन्यात ग्लोबिन इतके असते की सीटी (रेषा ठरलेली मर्यादा ओलांडते ते चक्र) १० ते १२ वर येतो. बरीच मशीन बेसलाइन ३ ते १५ चक्रांवर धरतात. म्हणजे वाढ सुरू झाल्यावरही मशीन तिला पार्श्वभूमी समजते, रेषा खाली वाकते आणि सीटी चुकतो. ग्लोबिनसाठी सगळ्या नमुन्यांचा सीडीएनए १०० पट पातळ करा. संदर्भ जनुके (तुलनेसाठी घेतलेली, सगळ्या नमुन्यांत सारखी राहणारी) मूळ सीडीएनएवर चालवली असतील तर हिशेबात ६.६४ चक्रांची दुरुस्ती करा. हा आकडा कार्यक्षमता १०० टक्के धरून आहे.

संदर्भ जनुक म्हणून नुसते जीएपीडीएच नको. पेशी परिपक्व होताना इतर आरएनए कमी होत जातो आणि ग्लोबिनचा वाटा वाढतो, त्यामुळे एकच संदर्भ हमखास दगा देतो. टीबीपी, एचपीआरटी, वायडब्ल्यूएचएझेड, एसडीएचए ही चार आपल्याच टप्प्यांवर तपासून त्यातली सर्वांत स्थिर दोन किंवा तीन निवडा.

सावधान: डेल्टा-डेल्टा-सीटीने (आधी संदर्भ जनुकाचा, मग एका ठरलेल्या नमुन्याचा सीटी वजा करून) रोची तुलना वेगवेगळ्या दिवसांच्या रोशी करता येते. रोचा सीटी १२ आणि एप्सिलॉनचा १५ म्हणून 'रो आठपट जास्त' असे लिहिता येत नाही. दोन वेगळ्या जनुकांची तुलना हवी असेल तर दोन्हींसाठी ज्ञात प्रतींचा प्रमाण वक्र लागतो.

९. आकड्यांचा अर्थ

तिसऱ्या दिवशी रो, एप्सिलॉन आणि पाय भरपूर, बीटा-ए नगण्य. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीटा-ए चढत जाते. दहाव्या दिवशी ते पुढे असते. अल्फा-ए आणि अल्फा-डी दोन्ही टोकांना दिसतात. एवढे आले नाही तर नवे काही सापडले असे समजण्याआधी स्मिअर आणि एन्झाइमविना ट्यूब पाहा. तिसऱ्या दिवशी बीटा-ए जोरात दिसले तर क्रमाने तीन शंका घ्या: प्रायमर रोला चिकटतो, डीएनए उरला आहे, किंवा ट्यूबची अदलाबदल झाली.

सर्वांत जास्त चुकीचे वाक्य इथेच लिहिले जाते: 'पेशींनी रो बंद करून बीटा-ए चालू केले.' रक्ताच्या आरएनएवरून असे म्हणता येत नाही. पाचव्या दिवसानंतर रक्तात वेगळ्या पिढीच्या पेशी येतात आणि जुन्या कमी होत जातात. त्यामुळे एकाही पेशीने जनुक न बदलता आकडे बदलू शकतात. स्मिअरवर मोजलेले दोन पिढ्यांचे प्रमाण आलेखाशेजारी ठेवा. एका पेशीत काय चालले आहे हे सांगायचे असेल तर पेशी वेगळ्या करून मोजाव्या लागतात किंवा आरएनए जागेवरच रंगवावा लागतो.

जागेवर रंगवताना अल्कलाइन फॉस्फटेज जोडलेली अँटिबॉडी घ्या. पेरॉक्सिडेज घेतली तर हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखे वागून प्रत्येक लाल पेशी रंगवते, प्रोब (हव्या त्या आरएनएला चिकटणारा खुणेचा तुकडा) असो वा नसो. म्हणून सेन्स प्रोब (त्या आरएनएला न चिकटणारा) लावलेला एक गर्भ आणि प्रोबच न लावलेला एक गर्भ प्रत्येक खेपेला सोबत चालवा, आणि दोन्ही कोरे राहिले तरच खरा प्रोब लावलेल्या तिसऱ्या गर्भाचा फोटो काढा.